शेपट्या तुटल्या, जीव नाही

“मेलेत! सगळेच्या सगळे मेलेत! आणि तू पेपरात लिहितेस, हे पोहतात?”

ओरडत होते ते बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक. आवाज असा, की बंगळुरात आमच्या जयनगरातल्या निम्म्या नारळांना झाडावरच तडे गेले असावेत. समोर बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची मुलगी, रडायच्या बेतात. या प्रॅक्टिकलला नापास म्हणजे तिचं वर्ष गेलं. बाजूला मी, त्या लॅबचा अटेंडंट. माझ्याकडे पदवी नाही; पण मी आजवर जेवढे जंतू वाढवलेत, तेवढी माणसं अख्ख्या कर्नाटकात जन्मली नसतील.

परीक्षेतला जंतू होता ई. कोलाय. तुमच्या-आमच्या आतड्यात राहणारा, दांडीच्या आकाराचा, एका मिलिमीटरात पाचशे जण ओळीने झोपतील एवढासा. लोक त्याच्या नावानं बोटं मोडतात. त्याच्या काही जाती पोट बिघडवतात, हे खरं. पण बाकीचे गुमान राहतात आणि भाड्यापोटी थोडं के जीवनसत्त्वही करून देतात. कोरमंगलाच्या पीजीत असे भाडेकरू शोधून दाखवा! अंगाला पाच-सहा लांब शेपट्या, आणि प्रत्येकीच्या मुळाशी गरगर फिरणारी मोटर. ही माझी थाप नव्हे, मोटर खरीच असते. सगळ्या शेपट्या एका दिशेनं फिरल्या की त्यांची जुडी होते आणि गडी सरळ सुटतो. एखादी उलटी फिरली की जुडी विस्कटते, गडी कोलांटी खातो आणि भलतीकडेच निघतो. आमचे रिक्षावाले निदान हात तरी दाखवतात.

मुलीनं सकाळी काचेखाली थेंब टांगून हे सगळं पाहिलं होतं. तिच्यामागून मीही पाहिलं होतं. पण साहेबांचा विश्वास बसेना. त्यांनी तिची टेस्टट्यूब उचलली, हलवायच्या मशीनवर दाबून धरली आणि लोणी काढायचं असल्यासारखी घुसळली. मग स्वतः स्लाइड केली, आणि ती पाहूनच ओरडले होते. पोहणार कोण? सगळे जागच्या जागी थरथरत होते, आणि तेवढं तर पाण्यातली धूळही थरथरते.

“सर,” मी म्हणालो, “मेले नाहीत ते. घुसळून तुम्ही त्यांच्या शेपट्या तोडल्यात.”

“तू मला शिकवणार?”

“स्वल्प शिकवतो की.”

“बेडा अण्णा, बेडा,” मुलगी मागून माझा शर्ट ओढत पुटपुटली. नको म्हणत होती. पण मी सुटलो होतो.

त्याच ट्यूबमधले चार थेंब मी जंतू वाढवायच्या ताज्या रश्शात घातले आणि उबदार पेटीत ठेवून दिले. “तासाभरात नव्या शेपट्या फुटतील. नाही फुटल्या तर राजीनामा इथंच लिहून देतो. तोवर हिला शून्य द्यायचं नाही.” आणि मार्कांच्या कागदावर सरळ हात ठेवला. घरी सांगताना मी त्या कागदावर मांडी घालून बसलो होतो असं सांगतो.

साहेब लालबुंद झाले, बाकीच्यांच्या तोंडी परीक्षा घेत राहिले, आणि दर दोन मिनिटांनी माझ्याकडे असं बघायचे की माझ्या जागी दूध असतं तर नासलं असतं. मी हललो नाही.

तासानं मी नवी स्लाइड लावली. साहेब वाकले आणि वाकलेलेच राहिले. सगळे नाहीत, पण पुष्कळ जण सुटले होते: सरळ धाव, कोलांटी, पुन्हा धाव. साहेबांनी पेन काढलं, मुलीच्या ‘पोहतात’समोर बरोबरची खूण केली आणि मार्क भरले.

बाहेर व्हरांड्यात मी छाती फुगवून तिला गाठलं. “पाहिलंस? अख्ख्या विद्यापीठाशी एकटा भिडलो तुझ्यासाठी!”

ती बॅगेची चेन लावत होती. “पोहतात, हे मी आधीच लिहिलं होतं, अण्णा,” ती म्हणाली.