रंग जुळवणारी मावशी

काकांचा फोन आला तेव्हा भर दुपार होती. सयाजीगंजमधल्या माझ्या ऑफिसात मी एका मिठाईवाल्याच्या वेबसाइटसाठी केशरीच्या पाच छटा समोर मांडून बसले होते. "तुझी मावशी गेली गं," काका म्हणाले, आणि जरा थांबून, "झोपेतच..." फोन ठेवला आणि सवयीने मनात आलं, यातली कोणती छटा घ्यायची ते मावशीलाच विचारू या.

त्याला आता दीड महिना झाला. कुमुदमावशी ही माझ्या आईची धाकटी बहीण. बडोद्यातल्या एका रंगाच्या कारखान्यात ती कापडाच्या छटा जुळवायची. गिऱ्हाइकाने बोटभर चिंधी पाठवायची आणि मावशीने तोच रंग हुबेहूब तयार करून द्यायचा. निवृत्त झाली त्याच वर्षी मी वेबसाइट बनवायचं काम सुरू केलं आणि ती पाणीगेटहून रिक्षाने माझ्याकडे यायला लागली, डब्यात खांडवी घेऊन. माझं पहिलं डिझाइन पाहून म्हणाली, "सात रंग? लग्नाचा मांडव घातलायस का? मागे शांत रंग ठेव. भडक एकच ठेव, तोही फक्त जिथे बोट लावायचं तिथे." मला फिकट करड्या अक्षरांची भारी हौस. तर ती मला मोबाइलसकट खाली उन्हात घेऊन गेली आणि एका रिक्षावाल्यापुढे तो धरून म्हणाली, "भाई, आ वांचो ने." त्याने मोबाइल तिरपा केला, डोळे बारीक केले आणि विचारलं, "आमां कंई लख्युं छे?" म्हणजे यात काही लिहिलंय तरी का? त्याला पडदा कोराच दिसत होता. मावशी जिन्यापर्यंत हसत होती.

मग डभोईच्या एका डॉक्टर जोडप्याचं काम आलं. पेशंटने मोबाइलवरूनच भेटीची वेळ ठरवायची. रिकामी वेळ हिरवी, भरलेली लाल. मी खूश होते. पान लोकांसाठी खुलं व्हायच्या आदल्या दिवशी मी ते मावशीला बघायला पाठवलं आणि तिचा फोन आला. "तुझे काका तीनदा भरलेल्या वेळेवरच बोट लावून बसलेत."

"काकांना मोबाइल जमत नसेल गं."

ती हळूच म्हणाली, "त्यांना लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नाहीत. जन्मापासून..."

काकांना रेल्वेत इंजिन चालवायचं होतं. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले आणि मालाच्या ऑफिसात लागले, एवढं मला माहीत होतं. नापास का झाले ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. "लग्नाआधी त्यांनी मला सांगितलं, आणि कुणाला बोलू नका म्हणाले," मावशी म्हणाली. "मी म्हटलं, असू दे, रंगांचं मी बघेन. इतकी वर्षं बोलले नाही. आज तेच म्हणाले, पोरीला सांग, तिकडे पेशंट ताटकळतील."

त्या संध्याकाळी मी प्रत्येक वेळेखाली 'रिकामी' किंवा 'भरली' असं ठळक अक्षरात लिहिलं आणि भरलेल्या वेळांवर आडवी रेघ मारली. काकांनी पहिल्याच फटक्यात बरोबर वेळ धरली. पाठीमागून मावशीच्या टाळ्या फोनवर ऐकू आल्या. तेव्हापासून माझं कुठलंही पान काकांनी पास केल्याशिवाय बाहेर जात नाही. मावशी त्यांना 'साहेब' म्हणायची आणि तेही ऐटीत चष्मा पुसून बसायचे.

परवा काकांकडे गेले. दार त्यांनीच उघडलं. अंगात नीट इस्त्री केलेला शर्ट, पण रंग असा विचित्र शेवाळी की मी बघतच राहिले. त्यांनी मला कपाटाशी नेलं. शेवटच्या आजारपणात मावशीने त्यांच्या एकेका शर्टाच्या कॉलरला आतून पट्टी शिवून ठेवली होती, त्यावर काळ्या दोऱ्याने अक्षरं. 'निळा. कुठल्याही पँटवर.' 'लाल. लग्नाला.' 'पिवळा. माझ्या वाढदिवसाला.' मी वाचत गेले, काका हसत ऐकत राहिले.

"आणि अंगातल्यावर काय लिहिलंय?" मी विचारलं.

त्यांनी मान वाकवून कॉलर उलटी केली. 'हा घालू नका. भयंकर दिसतो.'

"मग घातलात कशाला?"

"दीड महिना झाला, तिने मला एकदाही टोकलं नाही," काका म्हणाले. "म्हटलं, आज तरी टोकेल."