माहेरच्या वजनाची स्प्रिंग

बेळगाव ते निपाणी या रस्त्यावर असा एकही गतिरोधक नाही, ज्याची माझ्या साडूंशी वैयक्तिक ओळख नाही. कोणता सरळ उठतो, कोणता आधी सपाट असल्याचं भासवून मग मागच्या चाकाला गाठतो, हे ते वाकड्यात शिरलेल्या नातेवाइकांबद्दल बोलावं तसं सांगतात. बेळगावातल्या वडगाव भागात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मूळचे खानापूरकडचे शेतकरी, बेळगावात एका कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. यंत्रांचं शिक्षण शून्य. पण त्यांच्या घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग आहेत आणि शेजारच्या मागाचा ठोका चुकला की आप्पा हातातला घास थांबवून ऐकतात. मोटारीचा कानही आपल्याला मागानेच दिला, असं त्यांचं म्हणणं आहे.

“स्प्रिंग उचलती, शॉकअप आवरतो,” हे त्यांचं सगळं शास्त्र; शॉकअप म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. कडक स्प्रिंगेला मऊ शॉकअप लावला तर गाडी होडीसारखी डुलते, मऊ स्प्रिंगेला कडक लावला तर रस्त्यावरचा खडाही पाठीला कळतो. म्हणून दोघांची पत्रिका जुळली पाहिजे. ही पत्रिका ते खरोखरच मांडतात. लांबट वहीत डाव्या पानावर स्प्रिंग, उजव्या पानावर शॉकअप आणि खाली शेरा: “स्वभाव जुळत नाही”, “चढाला बरे, उताराला भांडतात”. कोणाचीही उभी गाडी दिसली की बॉनेटचा कोपरा दाबून सोडायचा, ही त्यांची सवय. गाडी वर येऊन एका दमात थांबली तर ते समाधानाने पुढे जातात. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीचा कोपरा असाच दाबला. गाडी दोनदा डोलली आणि बॉनेटवरचा हार घसरून खाली आला. धावत आलेल्या वरपित्याला आप्पांनी शांतपणे सांगितलं, “हार ऱ्हाऊ द्या. पोरीला ह्यात बसवू नका. शॉकअप गेल्यात.”

या वेडाला एक कारण होतं. त्यांची पत्नी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सारे आक्का म्हणतो, तिच्या मणक्याची गादी सरकली होती. डॉक्टरांनी बजावलं, धक्का बसता कामा नये. आप्पांनी विचारलं, “किती इंचाचा?” डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. दोन वर्षं आक्काचं निपाणीला माहेरी जाणं बंद झालं. तिकडे सासूबाई, म्हणजे या दोघी बहिणींची आई, अंथरुणाला टेकत चालल्या होत्या आणि दर फोनला एकच विचारायच्या, “कवा येतीस गं?” आक्का म्हणायची, “येतो की.” मग फोन ठेवून ती भिंतीकडे बघत बसायची. आप्पांनी आपली जुनी गाडी मिस्त्रीकडे नेली ती अशाच एका फोननंतर.

आधी त्यांनी दुकानातून आणलेले महागडे शॉकअप जुन्या बसक्या स्प्रिंगांना जोडले. ते जमलं नाही. मग नव्या स्प्रिंगा आणून कंपनीचे जुनेच शॉकअप ठेवले. तेही जमलं नाही. चाचणीसाठी आक्काला बसवणं शक्य नव्हतं आणि आक्का वजन सांगायला तयार नव्हती. आप्पांनी तिच्या दवाखान्याच्या फाइलमधून आकडा काढला, तेवढा तांदूळ पोत्यात भरला, पोतं मागच्या सीटवर बसवून त्याला पट्टा लावला आणि पुढच्या सीटवर काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या ठेवला. वडगावच्या नाक्यावर कोणी विचारलं, “आप्पा, कुणाला घिऊन चाललासा?” तर ते पोत्याकडे मान वळवून म्हणायचे, “हिला.” आक्काच्या कानावर हे आलं तेव्हा तिने दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. पाचव्या जोडीला मिस्त्री म्हणाला, “साकु की आता, बास झालं, आप्पा. आमदाराची गाडी पण मी एवढ्यांदा खोलली न्हाय.” सहाव्या जोडीला तांब्यातलं पाणी हललं, पण सांडलं नाही. वहीत शेरा पडला: “छत्तीस गुण.”

निघायच्या सकाळी मी आणि माझी बायको वडगावला पोचलो. पोतं उतरलं होतं, आक्का उशी घेऊन बसली होती. आप्पांनी डिकी उघडली आणि ते थबकले. आत घरच्या तांदळाचं गाठोडं, कुंदा मिठाईचे डबे, पापडांचं पिंप, भावजयीसाठी पितळी घंगाळ आणि दोन फणस होते. आप्पांनी सहा जोड्या तपासल्या होत्या. बाई माहेरी निघाली म्हणजे डिकी भरणार, हे त्यांच्या हिशेबात आलंच नव्हतं. गाडीचा मागचा भाग खाली बसला होता. गल्लीच्या तोंडाशी पहिल्याच गतिरोधकावर गाडी मागून आपटली.  आक्काने माझ्या बायकोचा हात धरला. आप्पांनी गाडी मागे घेतली.

“सामान मागनं बसनं धाडू,” ते म्हणाले.

“आईसमोर हात हालवत जाऊ व्हय?” आक्का म्हणाली. “मग न्हाय जात.”

 दुपारी आप्पांनी डिकीतली वस्तू न् वस्तू काट्यावर घेतली. फणसांचं वजन वहीत वेगळं लिहिलं गेलं. मागच्या चाकांसाठी जास्त ताकदीच्या स्प्रिंगा आणि त्यांना आवरतील असे शॉकअप शोधायला बारा दिवस गेले. त्या काळात त्यांनी मला फोन करून बजावलं, “पाव्हणं, तुमचं दोघांचं वजन लिवलंय मी. जेवण बेतानं करा.”

बाराव्या दिवशी आम्ही निघालो. भरली गाडी संकेश्वरपर्यंत गेली तेव्हा आक्का झोपली होती. तवंदी घाटात आप्पांनी आरशात एकदा बघितलं आणि रेडिओ बंद केला. निपाणीत सासूबाईंना दारात खुर्चीवर आणून बसवलं होतं. त्यांनी आक्काच्या गालावरून हात फिरवला, मग डिकीतून उतरणारं सामान बघून म्हणाल्या, “एवढं कशाला आणलंस गं?” आणि प्रत्येक डब्याचं झाकण उघडून बघितलं. आप्पा ओसरीवर बसून तांब्यातलं पाणी पीत होते.

त्यानंतर ती गाडी आणखी दोनदा निपाणीला गेली. त्यातल्या दुसऱ्या खेपेला सामान नव्हतं. सासूबाई गेल्याचा फोन पहाटे आला होता आणि डिकी रिकामी होती. भरल्या डिकीसाठी जुळवलेली स्प्रिंग रिकामी उडू लागली. रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर गाडी ठेचकाळत होती. आप्पा दर वेळी वेग कमी करत होते. आक्का म्हणाली, “चालवा तसंच. आता पाठ दुखंना झालीया.”

माहेरची वाट आता कमी झाली आहे. मी एकदा आप्पांना म्हटलं, जुन्या स्प्रिंगा परत बसवा की. ते म्हणाले, “जोड जुळलीया. कशाला मोडायची?” त्यांनी डिकीत तांदळाचं एक पोतं कायमचं ठेवलं आहे, त्या दिवशीच्या सगळ्या सामानाच्या वजनाचं, फणसांसकट. तांदळाला किडा लागू नये म्हणून आक्का महिन्याला ते उपसून गच्चीवर ऊन दाखवते. संध्याकाळी परत भरताना ती काटा मागून घेते, आणि मापटंभर कमी पडलं तर घरातलं घालते.