शेपटीकडनं येणारं पिल्लू

सारं गाव आमच्या म्हाताऱ्याला तात्याबा म्हणतं, मी आपली 'अवो' म्हणते. मेंढरं इकून जमाना झाला, पण पळसदेवात कुणाची शेळी अडली की अजून ह्यांनाच बोलावणं. कोपरापर्यंत तेल चोळून निघणार, आन आल्यावर आठवडाभर त्याचीच कथा. ऐकून ऐकून माझं कान किटलं बाई!

नात मनिषा नववीला. तिनं विज्ञान प्रदर्शनाला इक्थिओसॉर करायला घेतला. डायनासोरांच्या काळातलं समुद्रातलं जनावर म्हणं. दिसायला मासा, पण जात सरपटणाऱ्यांची, आन अंडी न घालता पाण्यातच पिल्लं द्यायचं. "आबा, पिल्लू भाईर येताना दावायचंय," ती बोलली. झालं! म्हाताऱ्याला आयतंच घावलं. बांबू, पोती आन कागदाचा लगदा घिऊन अंगणात ठाण मांडलं. आधी जनावराला कानच लावलं. मनिषानं उपटलं.

चित्रात पिल्लाची शेपटी आधी भाईर हुती. ह्यांनी मातर डोकं आधी भाईर काढलं. पोरीनं पुस्तक दावलं, तर म्हणालं, "छापणाऱ्यानं कधी अडलेली मेंढी सोडवली हाय का?" पोरगी रडकुंडीला आली, पण स्वभावाला औषध न्हाय.

प्रदर्शनाच्या दिशी टेम्पोतनं ते धूड इंदापूरला न्हेलं. मांडताना सर म्हणालं, "मनिषा, पिल्लू उलटं झालंय. ह्यांच्यात बहुतेक शेपटी आधी यायची. परीक्षकांनी बघितलं तर नंबर गेलाच."

मला वाटलं, म्हातारं आता सरांशी भांडणार. मी पदर खोचूनच हुते. पण ते मान खाली घालून हुबं.

आमचं पयलं लेकरू पायाकडनं आलं हुतं. रानात, मेंढरांच्या वाड्यावर, सुईण न्हाय, कोण न्हाय. ह्यांनीच हात लावला. न्हाय जगलं. तवापास्नं उलटं येणारं पिल्लू ह्या माणसाला बघवत न्हाय.

मी जवळ जाऊन म्हणलं, "अवो, ही पाण्यातली जात. ह्यांची पिल्लं अशीच जगत्यात."

"जगत्यात?"

"व्हय आबा," मनिषा बोलली, "अशीच जगायची."

मग त्यांनी बाही सारली, जनावराच्या पोटात हात घालून पिल्लू अलगद सोडवलं, आन शेपटी भाईर ठिवून बसवलं. मी त्यांचा हात धरला, आन परीक्षक आलं तरी सोडला न्हाय.