प्रोफेसरांना ‘यॉल’

आमच्या घरात सातवीपुढे कुणी शिकलेलं नव्हतं. बाबा नागपुरात लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायचे, आई घड्या घालायची, आणि इंग्रजी आमच्याकडे यायची ती फक्त शर्टाच्या लेबलवर. परवा इथे अमेरिकेत, अर्विंगला किराणा दुकानासमोर एका ट्रकमधून इथली गावरान ‘कंट्री’ गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या गायकाचा खरखरीत आवाज आला, त्याला गायला लागून पन्नास वर्षं झाली म्हणून काढलेल्या अल्बममधला, आणि टेक्सासातलं माझं पहिलं सेमिस्टर आठवलं. घरमालकीणबाई तो अल्बम रोज स्वयंपाकघरात लावायच्या, आणि मक्याच्या पावाच्या, कॉर्नब्रेडच्या खरपूस वासात उभी राहून मी त्यावरून इथलं बोलणं उचलायचे. गाण्याआधी तो ऐकणाऱ्यांना ‘यॉल’ म्हणायचा. मला वाटलं, चला, इंग्रजीतही आदराचं ‘तुम्ही’ आहे तर! तेव्हाच गणित विभागात शिकवायच्या कामाचा इंटरव्ह्यू आला. ते मिळालं नसतं तर शिक्षण सोडून परत जावं लागणार होतं. पांढऱ्या मिशांच्या प्रोफेसरांना मी अदबीनं विचारलं, “हाऊ आर यॉल, सर?” त्यांनी मागे वळून पाहिलं. “माझ्याबरोबर आणखी कोण आहे?” मी घाबरत सांगितलं, “सर, आमच्याकडे मोठा माणूस एकटा असला तरी त्याला अनेकवचनच लावतात.” ते खो खो हसले. “हे माझ्या बायकोला येऊन सांग जरा! अगं, यॉल चारचौघांना म्हणतात. पण चुकलीस तरी कारण किती नीट समजावलंस! मुलांना गणितही समजावशील.” काम मिळालं, त्यावर माझं एम.एस. पूर्ण झालं, आणि आज मी इथल्या कॉलेजात गणित शिकवते.