भावोजींची हट्टी आकृती

सोपं काम अवघड करण्यात अख्ख्या भिवंडीत माझ्या नणंदेच्या यजमानांचा हात धरणारं कुणी नाही. शेजारच्या कोन गावी लग्नाला जायचं तरी हे आधी कागदावर नकाशा काढणार. हॉलात शिरले की शेजारच्या खुर्चीवर बायकोसाठी रुमाल टाकायचे. नणंद हॉलभर गप्पा मारत फिरायची आणि जेवणं होईपर्यंत खुर्ची रुमालच सांभाळायचा.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांनी अकलोलीच्या गरम कुंडांवर पीएचडी करायला घेतली, इथवर ठीक होतं. पण प्रबंध त्यांना लाटेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्येच हवा होता. माझं डीटीपीचं दुकान आहे. पत्रिकेपासून प्रबंधापर्यंत सगळं मी वर्डमध्ये बसवून देते. "वहिनी, वर्डमध्ये आपण मजूर. लाटेकला नुसता हुकूम लिहून द्यायचा, मांडणी ते करतं," असं म्हणत त्यांनी माझा एक कॉम्प्युटर अडवला. पहिल्या दिवशी सकाळपासून हुकूम लिहून संध्याकाळी पानाच्या मधोमध 'प्रस्तावना' एवढा एकच शब्द उमटला, तर यांनी माझ्या गिऱ्हाइकांनाही पेढे वाटले. त्यांच्या वडिलांचे कापड विणायचे लूम होते. त्यामुळे एखादा कंस राहिला आणि पडद्यावर लाल ओळी आल्या की हे "धागा तुटला!" असं ओरडून दोन्ही हात वर करायचे. शेजारचा चहावाला तिथूनच विचारायचा, "मास्टरजी, आज कितने टूटे?" पण पहिला धागा जोडल्याशिवाय पुढे जायचं नाही हा लूमचा नियम इथेही चालला, पहिली चूक सुधारली की खालच्या बऱ्याचशा आपोआप जायच्या.

गाडी अडली ती एका फोटोवर. कुंडाच्या काठावर थर्मामीटर धरून उभी असलेली माझी नणंद. वज्रेश्वरीच्या एसटीने दर खेपेला तीच त्यांच्याबरोबर जायची. गेल्या वर्षी ती आम्हाला सोडून गेली. फोटो प्रकरणाच्या पहिल्याच पानावर, मजकुराला लागून हवा, हा भावोजींचा हट्ट. आणि तिथे जागा पुरत नाही म्हणून लाटेक तो पुढे ढकलायचं. रोज नवा हुकूम, रोज फोटो भलत्याच पानावर. इकडे त्यांचे गाईड महिनाअखेरीला निवृत्त होणार. त्याआधी प्रबंध गेला नाही, तर नवा गाईड शोधा आणि सगळं पहिल्यापासून करा. शेवटच्या दिवशी बाइंडिंगवाल्याला थांबवून ठेवून मी ठणकावलं, "भावोजी, आता आहे तसं छापायचं. नाहीतर बसा आयुष्यभर धागे जोडत!"

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. फोटो प्रकरणाच्या अगदी शेवटी, एका पानावर एकटाच, ऐसपैस बसला होता.

"राहू द्या, वहिनी," ते म्हणाले. "धरून ठेवलेल्या जागेवर ती कधी बसली होती?"

मी प्रिंट दिली. छपाई होईपर्यंत भावोजी शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून बसून राहिले. दुकानात तिसरी खुर्ची नव्हती. मी उभ्यानेच पानं लावली.