डिस्कवरचं कुंकू

महाडात अंबिकाताईंच्या घरी नवी वस्तू आली की कुंकवाचं बोट लागल्याखेरीज ती सुरू होत नसे. मिक्सर, गीझर, वायफायचा डबा, कुणाचीच सुटका नव्हती. लेक मैथिलीने एकदा लॅपटॉपला बोट लावू दिलं नाही, तर बाई दोन दिवस मुक्याने वावरल्या. शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झालेल्या, पण रुसायला लागल्या की पहिलीतल्या पोरीलाही मागे टाकतील.

मैथिली औद्योगिक वसाहतीतल्या औषध कंपनीत केमिस्ट. सायकलवर जीव. तिने नवी हलकी चाकं मागवली होती. शनिवारी संध्याकाळी ओटीवर बसून तिने जुन्या चाकांवरच्या ब्रेकच्या डिस्क, म्हणजे ब्रेक ज्यांना आवळून धरतो त्या पोलादी चकत्या, काढल्या, स्पिरिटने लख्ख पुसल्या आणि नव्या चाकांवर बसवल्या. त्यासाठी लागणारा खास पाना बिरवाडीच्या सुशांतने आपल्या सायकलच्या दुकानातून दिला होता. "आई, डिस्कला हात लावू नकोस हं," म्हणून ती अंघोळीला गेली.

हात लावायचा नाही म्हणजे बोटांचे डाग पडतील, असा अर्थ ताईंनी सोयीने लावला. काळ्या चाकावर कुंकू दिसेना. डिस्क मात्र देवघरातल्या ताम्हनासारखी झळकत होती. कोरडं कुंकू घसरायला लागलं, तेव्हा ते खोबरेल तेलात कालवून त्यांनी दोन्ही डिस्कना आतल्या बाजूने बोट टेकवलं. लेकीला दिसायला नको.

रविवारी उजाडताच मैथिली पोलादपूरकडे निघाली. आंबेनळी घाट चढून जायचं, उतरून परत यायचं.

सुशांत पाना न्यायला आला तेव्हा ओटीवर तेलाची वाटी तशीच होती. ताईंनी कौतुकाने सगळं सांगितलं. त्याचा हात पान्यावरच थांबला.

"काकू, डिस्कला तेल? तेल लागलं तर बिरेक धरनार नाय! चढताना कळत पन नाय, उतारावर कळतं."

ताईंनी फोन लावला. परत लावला. घाटात रेंज नव्हती. घराला कुलूप न लावताच त्या सुशांतच्या मोटारसायकलवर मागे बसल्या.

पोलादपूर गेलं, घाट लागला. प्रत्येक वळणावर त्यांची नजर दरीकडच्या कठड्याकडे जाई. कठडा धड दिसला की श्वास सुटे, पुढचं वळण आलं की पुन्हा अडके. एका ठिकाणी कठडा तुटलेला होता. "थांब रे!" त्या ओरडल्या. सुशांतने वाकून पाहिलं. "जुनं हाय काकू, गवत उगवलंय." वरून भरलेला ट्रक कण्हत उतरत होता, आणि असल्याच ट्रकच्या मागे आपली पोर ब्रेक आवळत असेल या विचाराने त्यांना रडू फुटलं. हे मी केलं, हे मी केलं, एवढंच त्या पुटपुटत होत्या.

आणखी वर, डोंगराकडच्या गटारात सायकल आडवी पडलेली दिसली. शेजारी मैथिली बसली होती. गुडघा सोललेला. ब्रेक धरेनात, तेव्हा तिने दरी सोडून डोंगराच्या अंगाला सायकल घातली होती.

"मी लावलं गं. कुंकू. तेलातलं," ताई धापा टाकत म्हणाल्या.

"माहीत आहे. निघताना दिसलं मला. पुसलं मी."

"मग?"

"कोरड्या फडक्याने. स्पिरिट स्वयंपाकघरात होतं आणि तू तिथेच उभी होतीस. बाटली उचलली असती तर विचारलं असतंस. वाटेत ब्रेक किंचाळले, तरी म्हटलं, नवी जोडणी आहे, बसेल हळूहळू."

आता ताईंचा बांध फुटला. "अगं मग तोंडावर सांगायचं! चार शब्द बोलायचे! जिवापेक्षा जास्त का ते? एवढी का मी वाईट वाटून घेणारी आहे?"

मैथिलीने त्यांच्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली.

ताई गटाराच्या कडेला खाली बसल्या आणि पदराच्या टोकाने लेकीच्या गुडघ्यावरचं रक्त टिपायला लागल्या.