पठ्ठा कोणाचा

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते खाटेची नवार ताणायचं. एका टोकाला बाळोजी उस्ताद, दुसऱ्या टोकाला मी. मी पासष्टीचा, ते पंचाहत्तरीचे, आणि बोलणी मलाच. "गोप्या, हाताने काय ओढतो? कमरेतून ओढ." झाल्यावर वर बसून पाहिलं आणि म्हणाले, "ठीक." चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी ऐकली नाही. चौथ्या दिवशी त्यांची सून माझ्या दारात येऊन नुसती उभी राहिली… मी चपला न घालताच निघालो.

उस्तादांना जाऊन आता दोन महिने होतील. मी चार यत्ता शिकलेला, पुढे गिरणी आणि आखाडा. मला गोल बोलता येत नाही. लोक विचारतात, उस्ताद मोठे होते की लबाड? दोन्ही सांगतो.

मोठे असे की परदेशीपुऱ्यातली गिरणी कामगारांची पोरं, चणे खाऊन वाढलेली, त्यांनी बदाम खाणाऱ्यांच्या छातीवर बसवली. आधी लोक हसायचे, कापसाच्या गिरणीतले म्हणून, "रुई के पहलवान." उस्ताद म्हणायचे, "दाबून बांधलेली रुईची गासडी एकदा उचलून बघ, भिया." मग एकेक करून सगळे पडले. कुस्त्यांच्या दंगलीत पुकारा होतो तो उस्तादाच्या नावाने, अमक्याचा पठ्ठा तमका. 'बाळोजी उस्तादांचा पठ्ठा' म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरायचा. आणखी एक. कुस्तीआधी पंच पहिलवानाचं अंग कोरड्या फडक्याने पुसून बघतात, कारण तेल राहिलं तर पकड सुटते. आमच्या पोरांना कोणी पुसत नसे. "बाळोजींचा पठ्ठा, त्याला काय पुसायचं?" संस्थानचा दरबार गेला, मध्यभारत राज्य झालं, तरी ही इज्जत हलली नाही.

ती त्यांनी स्वतःच्या हाताने मोडली. नजर कमी होत चालली होती, ही आपली शेवटची दंगल असं त्यांनी धरलं होतं. समोर उज्जैनचा पहिलवान, आमच्या दोन पोरांना आधीच चीत केलेला. आमच्याकडून उतरणार होता सदू, तेव्हा विशीला आलेला पोरगा. सकाळी मी त्याची मालिश करत होतो. शेवटी तेल पुसून मातीने अंग कोरडं करायचं, हे माझं रोजचं काम. उस्ताद म्हणाले, "आज राहू दे." मी समजलो. आणि राहू दिलं. दंगलीत उज्जैनवाल्याचे हात तीनदा घसरले. तो थांबला. "पंचजी, ये पहलवान है कि मछली?" पंचांनी सदूच्या पाठीवरून फडकं फिरवलं, ते पिवळं झालं. उस्ताद उठले, म्हणाले, "मी लावलं. पोराला माहीत नाही." मी शेजारीच उभा. माझ्या हातांना अजून तेलाचा वास होता. मी बोललो नाही.

त्या दिवसापासून पुकाऱ्यातून त्यांचं नाव गेलं, आणि आखाड्यात पाऊल टाकायची त्यांना बंदी झाली. ते दाराबाहेर बसायचे, धप्प आवाज ऐकून आतल्याला सांगायचे, "पाय उशिरा टाकला." एकदा मी म्हणालो, "उस्ताद, मी सांगून टाकतो." म्हणाले, "दोघं बुडाले म्हणून पाणी कमी होतं काय?" माझी बायको गेली त्या वर्षी हा माणूस रोज सकाळी माझ्या दारात उभा राहायचा, मी बाहेर येईपर्यंत. पण तेल ही लबाडीच. तिला मी दुसरं नाव देणार नाही.

मागच्या आठवड्यात दंगल झाली. सदू आता तिशीला आलेला. पुकारणारा "परदेशीपुऱ्याचा" इथपर्यंत आला आणि सदू म्हणाला, "उस्तादांचं नाव घ्या, नाही तर मी उतरत नाही." गर्दीतून कोणी बोललं, "तेलवाल्याचं?" लोक हसले. सदूने दोन्ही हात वर केले. "पहिले मला पुसा." पंचांनी पाठ पुसली, छाती पुसली, फडकं वर धरलं. पांढरं स्वच्छ. तेव्हा माझे पाय हलले. मी मातीत उतरलो आणि म्हणालो, "त्या दिवशीचं तेल माझ्या हातचं. हुकूम त्यांचा, हात माझे. नाव कापायचं तर दोन कापा." मोठ्या पंचांनी ते फडकं हातात घेऊन पाहिलं. मग पुकारणाऱ्याला म्हणाले, "पुकार."

"बाळोजी उस्तादांचा पठ्ठा, सदाशिव!"

चौथ्या मिनिटाला धोबीपछाड. समोरचा आभाळ बघत पडला. पोरांनी सदूला खांद्यावर घेऊन राजवाड्यापर्यंत नेलं, ढोल पुढे, सराफ्यातले लोक दुकानं सोडून बघायला आले. प्रत्येक चौकात तोच पुकारा, त्याच नावाने. माझा आवाज बसला तो दोन दिवस बसलेलाच होता. वाटेत मोठे पंच जवळ आले. "काका, मालिश आता तुमच्याकडे नको." मी म्हणालो, बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आखाड्यात गेलो. उस्ताद आत येत होते तेव्हा माती उकरायच्या आधी तिच्यातले खडे स्वतः वेचायचे, एक खडा पाठ फाडतो म्हणून. ते काम कोणी मागत नाही. मी मागितलं. उकिडवा बसून बोटांनी सगळी माती चाचपली. दोन खडे निघाले. कमरेला हात लावून उठलो, दारापर्यंत आलो. मग वाटलं, उस्तादांना तिसरा सापडला असता. परत जाऊन पहिल्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.